नेव्हिलचा डाव

"झुरिक," नेव्हिल म्हणाला, आणि हेझलच्या चमच्यातली चहाची पिशवी कचऱ्याच्या डब्यात पडायची ती ओट्यावरच पडली. बाहेर विमान चाललं होतं. स्टॉकपोर्टच्या या गल्लीवरून विमानं इतकी खालून जातात की पोटावरची अक्षरं वाचता यावीत. नवीन माणूस खांदे आखडतो. गल्लीतली माणसं बोलणं तेवढं थांबवतात आणि आवाज ओसरला की त्याच शब्दापासून पुढे सुरू होतात. तशी ती दोघं थांबली. विमान गेल्यावर तो दुसरंच काहीतरी नाव घेईल असं हेझलला उगाचच वाटलं. विमान गेलं. "झुरिक," तो पुन्हा म्हणाला, "सप्टेंबरात. दोन-तीन दिवस, नेहमीसारखं." डावा हात त्यानं मांडीवर ठेवला होता, तळवा वर करून, कुणीतरी तिथे ठेवून विसरून गेल्यासारखा. हिवाळ्यात त्या हाताला शर्टाचं बटण लागेना म्हणून दोघं हसली होती. मग डॉक्टरबाईंनी आपली खुर्ची पुढे ओढून, आवाज मऊ करून सांगितलं की हा आजार एकेक करून सगळे स्नायू काढून घेतो. हात, पाय, मग गिळणं, मग श्वास. किती दिवसांत, ते कुणीच सांगू शकत नाही. त्यानंतर हेझल त्या हाताला हसली नाही. नेव्हिल हसत असे. तो हसला की तिला जास्तच भीती वाटायची.

"छान," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार? नियमच होता तसा. त्यांची मुलगी केरी लग्न होऊन लीड्सला गेली, कुत्रा मेला, आणि विमानाचं तिकीट विमानतळापर्यंतच्या टॅक्सीपेक्षा स्वस्त मिळायला लागलं, त्या सुमारास हे डावाचं प्रकरण सुरू झालं. त्याआधीची सगळी उमेदीची वर्षं सुट्टीत कुठे जायचं यावर भांडण्यात गेली होती. हेझलला समुद्र हवा, नेव्हिलच्या लेखी समुद्र म्हणजे बुटात वाळू. मग ईस्टरपासून धुसफूस, आणि शेवटी दोघांनाही नको असलेल्या वेल्सच्या कुठल्यातरी माळावर चाकांवरच्या भाड्याच्या कारवानमध्ये बसून पत्ते. तेव्हा नेव्हिलनंच तोडगा काढला. एकदा डाव तुझा, एकदा माझा. ज्याचा डाव त्यानं जागा सांगायची, दुसऱ्यानं तोंड वाकडं करायचं नाही. तिकिटं, हॉटेल, सगळं डाववाल्यानं बघायचं. दुसऱ्यानं नुसती बॅग भरून निघायचं, आणि वाटेत एकही प्रश्न विचारायचा नाही. जागा सांगायला मुदत अशी नव्हती, पण कुणी फार दिवस लावत नसे, कारण एकानं सांगून, जाऊन आल्याशिवाय दुसऱ्याचा डाव येतच नसे. "संसार प्रेमावर टिकत नसतो," नेव्हिल पाहुण्यांना सांगायचा, "नियमावर टिकतो. प्रेम आपलं चहाबरोबर." या नियमापायी तो भर फेब्रुवारीत हेझलबरोबर कोशित्सेला गेला होता, सगळं गाव बंद, आणि हा बाबा तोंडाची घडी न मोडता रोज उकडलेले गोळे खात होता. आणि ती रॉटरडॅमला गेली होती, एक लिफ्ट बघायला. नेव्हिलनं जन्मभर लिफ्टा दुरुस्त केल्या. सगळे लोक मान वर करून देवळाचं छत बघतात, हा कोपऱ्यातल्या लिफ्टचा दोर बघतो. हेझलनं तोंड वाकडं केलं नव्हतं. आता मे महिन्यातल्या रविवारी, ओट्यावरची चहाची पिशवी उचलताना, तिला पहिल्यांदाच वाटलं की हा नियम कुणी केला त्याचं वाटोळं होवो. आणि तो करणारा समोर बसून उजव्या हातानं बिस्कीट बुडवत होता.

बाकीच्या जगाला स्वित्झर्लंड म्हटलं की बर्फ, चॉकलेट, गायींच्या गळ्यातल्या घंटा आठवत असतील. पण इथे असा आजार झालेल्या माणसानं ते नाव घेतलं की ऐकणारा नजर चुकवतो. आपल्या मर्जीनं, कुणाची मदत घेऊन मरायला इथला कायदा परवानगी देत नाही, तिथला देतो. जगणं सोसेनासं झालेली माणसं तिथे जातात आणि परत येत नाहीत. परत येतं ते सोबत गेलेलं माणूस. शेजारच्या डोरीनचा भाऊ असाच गेला होता. दोघं गेली, डोरीन एकटी आली. बागेच्या कुंपणावर कोपर टेकून तिनं सांगितलं होतं, "खोली छान होती गं. पिवळे पडदे. तिथल्या बाई फार सभ्य होत्या. सगळं झाल्यावर मला बिस्कीट दिलं त्यांनी." हेझल 'अरेरे' म्हणाली होती, मग गुलाबांबद्दल काहीतरी म्हणाली होती. पण ते बिस्कीट तिच्या डोक्यातून गेलं नाही. पुढे किती दिवस तिला डोरीनला विचारावंसं वाटत होतं, खाल्लंस का गं ते? आणि ते कुठे होतं हेही तिनं विचारलं नव्हतं. डोरीननं आपणहूनच सांगितलं होतं. झुरिकजवळच. ट्रामनं जाता येतं.

मन चिंती ते वैरी न चिंती. तो सगळा उन्हाळा हेझलनं नवऱ्यावर पाळत ठेवण्यात घालवला. नेव्हिलनं आपली शिडी डोरीनच्या नवऱ्याला देऊन टाकली; म्हणाला, मला आता शिडी काय करायची आहे. खरंच होतं ते. एका दुपारी त्यानं तिला हाक मारून बैठकीतल्या, खोली ऊबदार ठेवणाऱ्या रेडिएटरपाशी बसवलं आणि त्यातली हवा कशी काढायची ते शिकवलं. "किल्ली इथे, या खिळ्याला. अर्धाच वेढा. फुस्स होईल, पाणी आलं की बंद. घाबरायचं नाही." ती गुडघ्यांवर बसून फुस्स ऐकत राहिली. किल्ली त्याच्या बोटांना पेलत नव्हती म्हणून तो शिकवत होता, हे तर सरळच होतं. प्रत्येक गोष्टीचा असा साधा अर्थही लागत होता आणि दुसराही. त्यानं जुन्या कामावरच्या सोबत्याला फोन केला, खूप हसला, फोन ठेवल्यावर बराच वेळ खिडकीपाशी उभा राहिला. आता माणूस खिडकीपाशी उभा राहतो की नाही? राहतो. पण तो तिथून हलेपर्यंत हेझल दाराआडून त्याच्याकडे बघत राहिली.

विचारायचं होतं एवढंच. भीड भिकेची बहीण म्हणतात. पण त्या घरात अशा गोष्टी कधी विचारल्याच गेल्या नव्हत्या. नेव्हिलची आई वारली तेव्हा हेझलनं त्याला विचारलं होतं, "टोस्ट करू का?" आणि तो 'कर' म्हणाला होता, त्यातच सगळं आलं होतं. शिवाय विचारलं की ती गोष्ट खोलीत येऊन बसेल. आता निदान ती दाराबाहेर होती. मागच्या दाराशी मांजर बसतं तशी, ओरडत नाही, पण आहे. आणि समजा तो 'हो' म्हणाला, तर? नियमाप्रमाणे तिला नाही म्हणता येणार नव्हतं. खरी गोम तीच होती. तो जाईल ही भीती होतीच. पण तो आपल्याला घेऊन जाईल, आपण सोबतीनं बॅग उचलून, सभ्यपणे, तोंड वाकडं न करता जाऊ आणि एकट्या परत येऊ, या भीतीपुढे ती काहीच नव्हती. कारण आपण जाऊ हे तिला ठाऊक होतं. आणि या सगळ्याच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडे तर ती बघतही नसे. जुलैत एकदा नेव्हिल न्हाणीघरात पडला. त्याला उठवताना, दोघांच्या ओल्या अंगांची ओढाताण चालू असताना, तिच्या मनात क्षणभर आलं होतं, की संपेल तरी. एवढंच. मग तिनं त्याला कोरडं केलं, पावडर लावली, आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याची कड दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. त्या दिवसापासून तिला नेव्हिलइतकीच स्वतःचीही भीती वाटायला लागली.

केरीचा फोन आला तेव्हा हेझल वाटाणे सोलत होती. "आई, बाबा म्हणाले झुरिक."

"हो ना. तळं सुंदर आहे म्हणे."

पलीकडे केरीच्या पोरांचा गलका चालला होता, तो थांबल्यासारखा वाटला. मग ती हळूच म्हणाली, "परतीचं तिकीट दोघांचं आहे ना गं?"

"डाव बाबांचा आहे. मी बघायचं नसतं."

"आई, हा काय पोरखेळ आहे?"

"पोरखेळच आहे," हेझल म्हणाली, "पण आमचा आहे." आणि वाटाणे उकळायला लागलेत असं खोटंच सांगून तिनं फोन ठेवला.

सप्टेंबर उजाडला. बॅगा भरायचा दिवस आला. सीटखाली मावेल एवढीच बॅग न्यायची. मापासाठी नेव्हिलनं पुठ्ठ्याचा खोका करून जिन्याखाली ठेवला होता, त्यात बॅग बसली तरच ती विमानात जाणार. आणि प्रत्येकानं बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात मळक्या कपड्यांसाठी दुकानातली एक रिकामी पिशवी ठेवायची, समोशासारखी त्रिकोणी घडी घालून. ही घडी म्हणजे नेव्हिलचा अभिमान. वाण्याकडून आलेली पिशवी त्यानं कधी चुरगळून ठेवली नाही. त्याच्या बॅगेची चेन त्याला लागेना म्हणून तो खाली गेला आणि हेझल ती लावायला बसली. लावता लावता तिनं बाजूचा कप्पा चाचपला. तिथे पिशवी नव्हती. तिनं दुसरा कप्पा बघितला, बुटांच्या आत बघितलं, सगळी बॅग पलंगावर उलटी केली. मोजे, औषधं, केरीच्या लग्नात घातलेला निळा शर्ट. पिशवी नाही. सहलीला निळा शर्ट कशाला? आणि ज्याला मळके कपडे घरी आणायचे नाहीत, त्याला पिशवी कशाला? हेझल पलंगाच्या कडेवर बसली. वरून विमान गेलं, आरशाची काच बारीक थरथरली. "बसली का खोक्यात?" खालून नेव्हिल ओरडला. "बसली," ती ओरडली. मग तिनं सगळं पुन्हा भरलं, शर्टाची कॉलर चुरगळू नये म्हणून वरून मोजे सरकवले, आणि आपल्या बॅगेत दोन पिशव्या टाकल्या. एक आपली. एक त्याची.

विमानात त्याचा पट्टा तिनं लावला. झुरिकला पहिला दिवस इतका साधा गेला की तिला संतापच आला. तळं, हंस, तळ्याकाठी बसून लोकांच्या बुटांच्या किमतीचा अंदाज बांधणं. नेव्हिलनं कुठलंसं सॉसेज खाल्लं, दोनदा ठसका लागला, दोन्ही वेळा तो ढगांकडे बघत असल्यासारखं करत होता. हॉटेलच्या लिफ्टला त्यानं पाठ थोपटल्यासारखा हात लावला. हेझल त्याच्या प्रत्येक हसण्याचा हिशेब ठेवत होती. इतका आनंदात का आहे हा? निरोपाचा असतो तो आनंद? खोलीत आल्यावर तो म्हणाला, "सकाळी जरा लवकर आटप. एका ठिकाणी जायचंय."

"कुठे?"

त्यानं उजव्या हाताचं बोट नाचवलं. "वाटेत प्रश्न नाही."

सकाळी त्यानं बॅगेतून निळा शर्ट काढून अंगात घातला आणि तिच्यासमोर उभा राहिला. तिनं एकेक बटण लावलं. बटणं लावताना तिला त्याच्या छातीचे ठोके लागत होते. शांत, नेहमीचे. या माणसाला भीती कशी वाटत नाही? की याच्या वाटणीची भीती आपणच घेऊन आलोय, सगळी, दोघांची, आपल्याच बॅगेत कोंबून? ट्राम आली. ती निळी-पांढरी, स्वच्छ, जवळजवळ रिकामी होती. दुकानं गेली, मग शाळा, मग बागा असलेली घरं. गाव विरळ होत चाललं तशी हेझल खिडक्यांचे पडदे बघायला लागली. पांढरे. पांढरे. हिरवे. एका बाईनं खिडकीत गादी वाळत टाकली होती. ट्रामनं जाता येतं, डोरीन म्हणाली होती. नेव्हिल थांबे मोजत असावा, त्याचे ओठ हलत होते. हेझलनं समोरच्या सीटचा दांडा धरला. आपण आत्ता उठून ओरडलो तर? इथल्या माणसांना इंग्रजी कळतं, सगळे मदत करतील. काय ओरडणार? माझा नवरा मला सहलीला नेतोय? मग ट्राम वळली आणि वळणावरच्या घराच्या वरच्या मजल्यावर तिला पिवळे पडदे दिसले. लोण्यासारखे पिवळे, अर्धे ओढलेले. ट्राम हळू झाली. थांबली.

"चल," नेव्हिल म्हणाला. "उतरायचं."

ती उतरली. ट्राम निघून गेली, आणि ती थांब्याचा खांब धरून उभीच राहिली. तो दोन पावलं पुढे गेला, वळला. डावा पाय तो जरा ओढत चालत होता. हे नवीन होतं, काल नव्हतं. "मी आत येईन," हेझल म्हणाली. आवाज भलताच मोठा निघाला, झाडावरचा पक्षी उडाला. "आत येईन, हात धरून बसेन, शेवटपर्यंत बसेन. तोंड वाकडं करणार नाही. पण ते बिस्कीट मला नको, नेव्ह. आधीच सांगून ठेव त्यांना. मला बिस्कीट द्यायचं नाही."

"कसलं बिस्कीट?" नेव्हिल म्हणाला.

त्याच्या पाठीमागे, पिवळ्या पडद्यांच्या घराला लागून, टेकडीच्या पायथ्याशी एक बुटकं स्टेशन होतं, आणि तिथून दोराला बांधलेली एक छोटी गाडी सरळ झाडांमध्ये वर चढत होती. "अगं, ही बघायला आणलं तुला," तो म्हणाला. "मी शिकाऊ होतो तेव्हा आमच्या फोरमनच्या भिंतीवर अशाच गाडीचं चित्र होतं. एकच दोर, दोन डबे. बटण दाबलं की येते, लिफ्टसारखी. चांगला शर्ट घातला तो हिच्यासाठी..." आणि बोलता बोलताच त्याला उमगलं. आधी तो हसला. हल्ली त्याचं हसू एकदा सुटलं की लवकर आवरत नसे. खांबाला पाठ टेकून तो डोळे पुसत हसत राहिला, आणि मग ते हसू हळूहळू बंद पडलं.

"मे महिन्यापासून?"

"हो."

"आणि एकदाही नाही म्हणाली नाहीस?"

"डाव तुझा होता."

"देवा रे," नेव्हिल म्हणाला. "हेझल, परतीचं विमान उद्या दुपारचं आहे. दोघांचं. खिडकी तुला."

"मग मळक्या कपड्यांची पिशवी का नाही घेतलीस?"

तो बुटांकडे बघत म्हणाला, "घडी होईना गं. चार-पाचदा घातली, सुटली. लाज वाटली. फेकून दिली." तेव्हा हेझल रडली. भर रस्त्यात, आवाज करून, त्या निळ्या शर्टावर नाक पुसत. ट्रामची वाट बघत आलेल्या एका म्हाताऱ्यानं सभ्यपणे पाठ फिरवली.

गाडीत दोघंच होती. बटण हेझलनं दाबलं. गाडी अलगद निघाली आणि तिला एकदम सडकून भूक लागली. सगळे महिने न लागलेली भूक. उन्हाचे कवडसे डब्यात येत होते, आणि वेड्यासारखं हसू येत होतं. उद्या दुपारचं. खिडकी मला. घरी जाऊन डोरीनला सांगायचं नाही, केरीला सांगायचं, केरी ओरडेल, ओरडू दे. नेव्हिल दोराकडे बघत होता, लहान पोरासारखं नाक काचेला लावून. निम्म्या चढावर समोरून दुसरा रिकामा डबा खाली येताना दिसला; शेजारून सरकत गेला. त्याच्याकडे बघत, मान न वळवता, नेव्हिल म्हणाला, "हे विचारायचा मला कधी धीर झाला नसता."

"काय?"

"तू म्हणालीस ते. आत येशील. हात धरून बसशील." आयता चहाचा कप हातात आल्यावर म्हणावं तशा आवाजात तो बोलत होता. "डॉक्टरबाईंकडून आलो त्या आठवड्यात होतं माझ्या मनात. मग तुझ्याकडे बघितलं आणि म्हटलं, हे हिला सांगता येणार नाही. ठेवून दिलं बाजूला. आता बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, हेझल. आता मी तितका घाबरत नाही."

उचलली जीभ लावली टाळ्याला. कुणी विचारलं होतं हेझलला? बंद दार होतं, तिनंच खांद्यानं धक्का देऊन उघडलं होतं, आणि आता ते उघडंच राहणार होतं. मघापर्यंतची भीती निदान शंका होती. शंकेशी भांडता येतं. आता तिनं वचन दिलं होतं, मोठ्यानं, पक्षी उडेल इतक्या मोठ्यानं. आणि ते खोटं होतं म्हणावं तर खोटंही नव्हतं. भूक कुठच्या कुठे गेली. गाडी वर जाऊन थांबली.

वर कॉफीची टपरी होती, चार टेबलं, खाली सगळं गाव आणि तळं. हेझलनं त्याचा कप अर्धाच भरून आणला, तसाच हल्ली आणायची. नेव्हिल खुशीत होता. खुर्चीत मागे रेलून त्यानं पाय लांब केले आणि म्हणाला, "बरं. माझा डाव झाला. आता तुझा. ट्रिएस्ट ना? किती वर्षं घोकते आहेस. वसंतात जाऊ, चालता येतंय तोवर."

ट्रिएस्ट. तिच्या जिभेवरच होतं ते. समुद्र, वारा, घाटावरच्या पायऱ्या. नकाशावर बोट ठेवून तिनं ते गाव कितीदा पाहिलं होतं. हो म्हटलं की झालं. वसंतात ट्रिएस्ट. जाऊन येऊ. आणि मग डाव नेव्हिलचा. तो कुठलं नाव घेईल ते आता तिला कुणी सांगायला नको होतं. आणि घेतलं की तिनं 'छान' म्हणायचं होतं, बॅग भरायची होती.

"ठरवते," ती म्हणाली.

"म्हणजे? ट्रिएस्ट नको?"

"नको असं नाही. पण आता वाटतंय, घाई कशाला? नीट विचार करून सांगते."

"तू? तू तर विमान उतरायच्या आधी पुढचं नाव सांगतेस."

"या खेपेला नाही सांगत." तिनं कप त्याच्या ओठांशी धरला, तो एक घोट प्यायला, तिनं हनुवटी पुसली. "नियम आहे ना? माझी जागा ठरून, जाऊन आल्याशिवाय तुझा डाव नाही."

नेव्हिल तिच्याकडे बघत राहिला. लिफ्ट मध्येच अडकली की आधी तो असाच बघायचा, हात न लावता, कुठे काय अडलंय ते शोधत. मग त्याला ते सापडलं. त्याचे डोळे भरून आले, आणि त्यानं ते लपवायचा प्रयत्नही केला नाही.

"आहे," तो म्हणाला. "नियम आहे खरा."

"मीच मोडू का तुझा नियम?"

"नको." खालून गाडी निघाल्याची घंटा झाली. "किती दिवस लावशील ठरवायला?"

"लागतील तितके," हेझल म्हणाली, आणि वारा सुटला होता म्हणून तिनं त्याच्या शर्टाचं सगळ्यात वरचं बटण लावलं.